बारावी ओळ

बारावी ओळ तुम्ही खोडलीत.

ती छापखान्यात गळली नाही. जागा पुरली नाही असंही नाही, पत्रकाच्या खाली चांगला चार बोटं कोरा कागद आहे. तुम्ही लाल पेन घेतलंत, ओळीवर आडवी रेघ मारलीत आणि समासात लिहिलंत, ‘लोक घाबरतील.’ तो कागद मी पाहिलाय. दोन्ही डोळ्यांनी पाहिलाय. त्यातला डावा तुमच्याच उपचारानं चालू झालेला आहे, तेव्हा बाईला नीट दिसलं नसेल ही पळवाट तुम्हाला नाही.

तुम्हाला साहेब म्हणू की मॅडम, ठाऊक नाही. पत्रकाखाली सही नाही, नुसता गोल शिक्का. वर ठळक अक्षरात ‘दृष्टी-उपचार : रुग्णांनी काय अपेक्षा ठेवावी’ आणि खाली अकरा ओळी. सुरुवातीला डोकं दुखेल. एकाचे दोन दिसतील, घाबरू नये. जिना उतरताना कठडा धरावा. आठवी ओळ मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल : ‘आपले नेहमीचे बारीक काम चालू ठेवावे. काम जितके बारीक, तितका लाभ अधिक.’

मी वैजयंती हरेश घरत. राहणार जोहे, तालुका पेण. गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. मूर्ती साच्यातून निघते, पॉलिश पेपरनं घासली जाते, अंगाचे रंग आता मशीनचा हात मारतो. डोळे मात्र अजून माणूसच काढतो. श्वास धरून वरच्या पापणीची एक सलग रेघ, मग बुबुळ, आणि शेवटी पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की माती आपल्याकडे बघायला लागते. नामाशेठच्या कारखान्यात अठरा वर्षं तो ठिपका मी देते आहे.

आणि हे सगळं एका डोळ्यानं. माझा डावा डोळा जन्मापासून आळशी. वरून बघितलं तर चांगला, बुबुळ सरळ, पण मेंदूनं त्याचं कधी ऐकलंच नाही. मला जग भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दिसायचं. सपाट. कामाला ते बरंच होतं. नामाशेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमच्या वैजूचा एक झोपलाय, म्हणून तर गणपतीचे दोन जागे आहेत.” मीही हसायचे.

मग माझी मुलगी पडली.

शाल्मली, आमची शालू, तेव्हा आठ वर्षांची. नवरा बोटीवर खलाशी आहे, त्याला डबा द्यायला आम्ही खाडीच्या जेट्टीवर गेलो होतो. ओहोटी लागलेली, पायऱ्या शेवाळलेल्या. शालूचा पाय सरकला. तिनं हात वर केला, मी हात पुढे केला. मला वाटलं धरलाच. माझ्या मुठीत वारा होता. तिचा हात माझ्या बोटांपासून वीतभर लांब होता आणि ती वीत मला दिसतच नव्हती. चार पायऱ्या खाली गेली. हनुवटीला सात टाके पडले.

घरी आल्यावर ती म्हणाली, “आई, तू मला धरलंच नाहीस.”

“धरत होते गो.”

“मग?”

 पुढच्याच महिन्यात तुमचं शिबिर गावात आलं आणि सगळ्यात आधी नाव मी दिलं.

केंद्रावरच्या मॅडम चांगल्या. त्यांचं नाव मी इथे घालणार नाही, तुम्ही त्यांची बदली कराल. त्यांनी मला समजावलं ते असं. बघतो तो डोळा नाही, मेंदू. लहान मूल जन्मतं तेव्हा मेंदूतल्या तारा ओल्या असतात. जो डोळा जास्त बोलेल त्याला जास्त जागा मिळते. साताठ वर्षांचं मूल झालं की मेंदू त्या तारांभोवती एक बारीक जाळी विणतो, जे शिकलं ते पक्कं राहावं म्हणून. माझ्या डाव्या डोळ्याची जागा तोवर उजव्यानं बळकावली होती. जाळी बसली, बाहेरचा बाहेर.

“म्हणून मोठ्या माणसाला आतापर्यंत उपाय नव्हता,” मॅडम म्हणाल्या. “आता हा नाकात मारायचा फवारा ती जाळी विरघळवतो. चाळीस दिवस. त्याला आम्ही खिडकी म्हणतो. खिडकी उघडी असताना तुम्ही या चष्म्यातून रोज खेळायचं. डाव्या डोळ्याला मासा दिसेल, उजव्याला जाळं. दोन्ही डोळे एकत्र आले तरच मासा सापडेल.”

मी म्हटलं, “मॅडम, आमच्याकडे मासा सापडत नाही तो खाडीत रसायन सोडतात म्हणून.”

त्या हसल्या. मग म्हणाल्या, “चाळीस दिवसांनी जाळी परत बसते. तोवर जे शिकाल ते कायमचं.”

कायमचं. तेव्हा हा शब्द किती गोड लागला होता!

खिडकी उघडली जुलैच्या पाच तारखेला. आता आमच्याकडे जुलै-ऑगस्ट म्हणजे काय ते तुम्हाला कळत नसेल तर पेणला येऊन बघा. सगळ्या वर्षाची मूर्ती त्या दिवसांत डोळे मागते. मी मॅडमना विचारलं होतं, हंगाम आहे, काम थांबवू का? त्यांनी पत्रकाच्या आठव्या ओळीवर बोट ठेवलं. उलट बरं, म्हणाल्या.

आणि आमच्या कारखान्याची एक रीत आहे. नामाशेठच्या आजीनं घालून दिलेली. आखणी करणाऱ्यानं सकाळी उठल्यावर कुणा माणसाचं तोंड बघायचं नाही. खाली मान घालून अंघोळ करायची, खाली मान घालून कारखान्यात यायचं, आणि पहिली नजर मूर्तीच्या कोऱ्या डोळ्यांत घालायची. माणसाच्या तोंडावरचा राग-लोभ ब्रशात उतरू नये म्हणून. मी अठरा वर्षं पाळलेली रीत. त्या चाळीस दिवसांतही पाळली. शालू उठायच्या आत घर सोडलं. कारखान्यात घासकामाची पांढरी धूळ, म्हणून सगळ्यांच्या तोंडाला डोळ्यांपर्यंत फडकी. परत यायची तेव्हा पोर झोपलेली असायची आणि माझ्या पापण्या मिटत असायच्या. त्या चाळीस दिवसांत मी पूर्ण चेहरा असा निरखून बघितला तो एकच. रोज दहा-बारा तास. सोंडेचा.

डोळा मात्र आला. खोटं का बोलू? एकोणिसाव्या दिवशी ब्रश उचलला आणि ब्रशाचं टोक मूर्तीपासून सुटलं. हवेत उभं राहिलं. टोक इथे, मूर्ती तिथे, आणि मधे जागा. रिकामी, खरीखुरी जागा! मी त्या जागेत बोट घातलं. नामाशेठ ओरडले, “वैजू, काय माशी मारतेस काय?” मला रडू फुटलं होतं. बाहेर आले तर शेवग्याच्या झाडाच्या फांद्या एकीमागे एक अशा खोल आत गेलेल्या. चौतीस वर्षं ते झाड माझ्यासाठी हिरवा डाग होतं.

जेट्टीवर गेले आणि सगळ्या पायऱ्या कठडा न धरता उतरले. हरेशनं बोटीवरून दोरी फेकली, मी ती वरच्या वर झेलली. बोटीवरचे सगळे टाळ्या वाजवायला लागले. तो म्हणाला, “आता संसारात काय फेकून मारायची सोय राहिली नाय.”

मी त्याच्याकडे बघून हसले. त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं ते तेव्हाच, कितीतरी दिवसांनी. काहीतरी चुकत होतं. नाक होतं, मिशी होती, डोळ्यांची जागा होती. पण ते एकत्र येऊन हरेश होत नव्हता. आखणीआधीची मूर्ती असते ना, सगळं कोरलेलं, रंगवलेलं, पण अजून कुणीच नाही, तसं. आवाजावरून हरेश. मला वाटलं ऊन डोळ्यांवर आलं असेल. पत्रकात तशी ओळ होती, उन्हाचा त्रास होईल म्हणून. चौथी.

ऑगस्टच्या चौदा तारखेला खिडकी बंद झाली. नंतरच्या आठवड्यात कारखाना जरा हलका झाला आणि मी कितीतरी दिवसांनी शालूला आणायला शाळेत गेले.

घंटा झाली. फाटकातून पोरं सांडली. सगळ्यांना निळा फ्रॉक, दोन वेण्या, पांढरी रिबिन. मी बघत राहिले. एक पोरगी माझ्या दिशेनं धावत आली, मागून रिक्षा येत होती. मी पुढे झाले आणि तिचा हात धरला. पहिल्या झटक्यात. बरोबर मनगटात. वीतभर काय, बोटभरही चुकले नाही. छाती भरून आली माझी. म्हटलं, बघ शालू, धरलं की नाही?

पोरगी म्हणाली, “काकू, सोडा ना.”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यात मला कुणीच दिसलं नाही. आणि माझ्या उजव्या बाजूला, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, दुसरी एक मुलगी दप्तराचे बंद धरून उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे. तिच्या हनुवटीवर टाक्यांची खूण होती.

 घरी चपला काढताना शालू म्हणाली, “ती सानिका आहे. ती काळी आहे, मी गोरी आहे. तिच्या दाताला तार आहे. आई, तुला खरंच कळलं नाही?”

“गडबड झाली बाय.”

“तू माझ्याकडे बघितलंस. दोनदा बघितलंस.”

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात जाऊन बसले. मॅडमनी तक्ता वाचायला लावला. शेवटची ओळ वाचली. जवळ-लांब दिसण्याची खोली मोजायचं यंत्र लावलं, मी पैकीच्या पैकी. मग मी म्हटलं, “मॅडम, हे सगळं राहू दे. तुमचा मास्क काढा आणि आत इतर बायकांत जाऊन उभ्या राहा.” त्या गेल्या. तिघी सारख्या साडीत होत्या. मी तिघींसमोर उभी राहिले आणि मला एकही ओळखता आली नाही.

 मॅडमनी नामाशेठकडून मूर्तींचे फोटो मागवले, नुसते चेहरे, चाळीस. मी एकेक बघून सांगत गेले. ही पनवेलला गेली. हिच्या डाव्या पापणीला वीज गेल्यामुळे रेघ जाड झाली. ही गुरुवारी केली, माझं पोट दुखत होतं. चाळीसच्या चाळीस बरोबर. मग त्यांनी माझ्याच फोनमधले माणसांचे फोटो लावले, कपडे-केस झाकून. मी एकामागून एक नाही म्हणत गेले. विसाव्या का एकविसाव्याला त्यांनी हात थांबवला.

“ही तुमची मुलगी होती,” त्या म्हणाल्या.

मी कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत बसले. गोड होती पोर. कुणाची का असेना.

मॅडमनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत मांडते. फवारा मेंदूच्या मागच्या भागातली, साध्या बघण्याची जाळी विरघळवतो असा तुमचा दावा. पण काही माणसांत तो पुढे झिरपतो. पुढे एक जागा आहे, ती चेहरे ओळखते. तिथली जाळीही विरघळली. ओल्या शाडूवर ज्याचा अंगठा पडेल त्याचा ठसा उमटतो. माझ्या ओल्या मेंदूवर चाळीस दिवस एकच अंगठा पडत राहिला. मग जाळी बसली. शाडू वाळली.

“आधी कुणाला असं झालं होतं का?” मी विचारलं.

 मॅडमनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला, माझ्यासमोर ठेवला आणि पाणी पिऊन येते म्हणून उठल्या. पाण्याची बाटली तिथेच टेबलावर होती.

तो तुमच्या पत्रकाचा कच्चा खर्डा होता. त्यात बारा ओळी होत्या. बारावी अशी : ‘खिडकीच्या काळात रोज किमान दोन तास घरच्या माणसांच्या चेहऱ्यांकडे बघावे, त्यांच्याशी समोरासमोर बसून बोलावे.’ तिच्यावर लाल रेघ. समासात ते दोन शब्द. सोबत टाचलेल्या कागदात आधीच्या तुकडीतली तीन माणसं होती. एक घड्याळजी होता. त्याला सगळी घड्याळं ओळखू येतात.

दोन तास! मी रीत मोडली असती हो. नामाशेठच्या आजीच्या फोटोसमोर नाक घासलं असतं आणि मोडली असती. पोरीला पाठीला बांधून कारखान्यात नेलं असतं. घाबरले असते, बरोबर आहे तुमचं. घाबरून पोरीचं तोंड बघत बसले असते.

आता घरातलं सांगते. शालूनं स्वतःच उपाय काढला. रोज पिवळी रिबिन बांधते. शाळेत पांढरी सक्तीची आहे, तर फाटकाबाहेर येऊन बदलते. झोपतानाही सोडत नाही. एकदा अंघोळीनंतर केस मोकळे सोडून बाहेर आली, मी सवयीनं विचारलं, “कोण पाहिजे गो?” ती न्हाणीत परत गेली आणि रिबिन बांधूनच बाहेर आली. हरेश दारात शिरताना खोकतो. ओरडून म्हणतो, “मालक आले!” गंमत करतो. पण परवा जेवताना त्याचा घास हातात राहिला. म्हणाला, “वैजू, मी मेलो तर तोंड बघायला येशील ना, तेव्हा खोकायला मी नसेन.”

आणि गेल्या रविवारी मी आतल्या खोलीत गेले तर आरशासमोर कुणीतरी बसलेलं. वळलं. माझ्या अंगावर काटा आला, कारण चेहरा मला ओळखू आला! दोन महिन्यांनी पहिल्यांदा एका चेहऱ्यात कुणीतरी होतं. लांब पापण्या, खाली झुकलेली नजर, बुबुळात पांढरा ठिपका. मी दोन पावलं पुढे गेले. मग कळलं. शालूनं माझे ब्रश घेतले होते. पापण्या मिटून त्यांच्यावर मूर्तीचे डोळे काढले होते, आधी एका पापणीवर, मग दुसरीवर, किलकिल्या नजरेनं, वाकडेतिकडे.

मिटल्या पापण्यांनीच तिनं विचारलं, “आता ओळखलंस?”

 मी ओळखलं होतं ते माझं काम. माझी मुलगी त्याच्या मागे डोळे मिटून बसली होती. मी खोबरेल तेलानं रंग पुसायला लागले तर ती रडायला लागली. “राहू दे ना आई, नीट जमलं नाही का? तू कर. तू माझी आखणी कर.”

मॅडमनी ऑगस्टातच सांगितलं होतं, उपाय आहे. दुसरी खिडकी. पुन्हा फवारा, पुन्हा चाळीस दिवस, आणि त्या दिवसांत समोर फक्त घरची माणसं. पण ती पहिली बंद झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडावी लागते, नंतर जाळी कोडगी होते. आणि धोका आहे. डावा डोळा परत झोपेल, बहुतेक. आखणीचा हातही जाईल कदाचित.

 नामाशेठ म्हणाले, “अठरा वर्षांचा हात हाय गो. इचार कर.” हरेश चिडला. “परत मेंदूत ढवळाढवळ? आता निदान आवाजानं तरी ओळखतेस. उद्या तेही गेलं तर?”

शालूनं विचारलं ते खरं. “डोळा गेला आणि मी परत पडले तर?”

“पडलीस तर पडली ती तू आहेस, एवढं तरी मला कळेल,” मी म्हटलं.

तिनं रिबिनीचं टोक चावलं. मग म्हणाली, “मी कठडा धरीन.”

तर सप्टेंबरात मी तुमच्याकडे अर्ज केला. मॅडमनी शिफारस जोडली. तुमचं उत्तर आलं : ‘लाभार्थी यशस्वी गटात मोडत असल्याने पुनरुपचारास पात्र नाही.’ मी दुसरा अर्ज केला. त्याला तेच उत्तर, तारीखसुद्धा पहिलीच. मी स्वतः आले. दारावरच्या माणसानं मला भिंतीवरचं पोस्टर दाखवलं. नव्या तुकडीची जाहिरात, एक बाई हसते आहे, खाली ‘दोन्ही डोळ्यांनी जग बघा’. तो म्हणाला, “ताई, ह्या तुम्हीच ना?” असेन. मला ओळखू आली नाही.

नवी तुकडी एक नोव्हेंबरला बसते. आमच्या गावातून सहाजण आहेत. पत्रक मी मागून घेतलं. अकराच ओळी आहेत. मी सहाजणांच्या घरी जाऊन बारावी पेनानं लिहून आले, तुमची लाल रेघ वगळून. एक म्हातारी घाबरली. घाबरून तिनं नातवाला मांडीवर घेतलं. बघा, लोक घाबरले की काय करतात ते.

माझे तीन महिने चौदा नोव्हेंबरला संपतात. आज चोवीस ऑक्टोबर आहे. हे लिहिताना शालू माझ्यासमोर बसली आहे. मीच तिला रिबिन सोडायला लावली. तिचे केस मोकळे आहेत, हनुवटी तिनं हातानं झाकली आहे, मला खूण दिसू नये म्हणून. ती माझी परीक्षा घेते आहे. मी बघते आहे. किती स्पष्ट दिसतं आहे सगळं! तिच्या भुवईचा एकेक केस वेगळा, गाल पुढे, कान मागे, मधे हवा. अंतर तर इतकं नेमकं दिसतं की डोळे मिटून हात टाकला तरी तिलाच लागेल.

ती विचारते आहे, “सांग, कोण आहे?”

मी तिला काय सांगायचं ते माझं मी बघेन. तुम्ही मला सांगा. मी पात्र आहे की नाही, ते विचारलेलं नाही. यशस्वी गट तुमच्याकडेच ठेवा, डावा डोळाही परत घ्या. एकवीस दिवस उरलेत.

दुसरी खिडकी कोणत्या तारखेला उघडताय?